बॉयलरच्या आधी रेडिएटर

ब्रिटनमधल्या आपल्या लोकांच्या घरांत ऑक्टोबर उजाडला की एक चर्चा हमखास होते. घर नीट तापत नाही, गॅसचं बिल वाढलंय, बॉयलर पंधरा-वीस वर्षांचा झालाय, तेव्हा यंदा नवा बसवून घेऊ. मशिदीतल्या ओळखीतून कुणीतरी ‘आपला माणूस’ सापडतो. तो एका दिवसात जुना बॉयलर उतरवतो आणि नवा टांगतो. स्वयंपाकघरात पांढरी चकचकीत पेटी दिसायला लागते, सगळ्यांना बरं वाटतं. आणि जानेवारीत मागच्या खोलीतली मुलं पुन्हा जाकीट घालून अभ्यासाला बसलेली असतात.

माझं मत असं की जुन्या घरात हा पैसा बहुतेक वेळा चुकीच्या टोकाला खर्च होतो. आधी रेडिएटर मोजावेत, बदलावेत, पाइपांतला गाळ काढावा. बॉयलरचा नंबर शेवटी. अर्थात बॉयलर धोकादायक झाला असेल किंवा बंदच पडला असेल तर गोष्ट वेगळी, तिथे थांबण्यात शहाणपण नाही. पण ‘घर थंड आहे’ या तक्रारीवर ‘मोठा बॉयलर’ हे उत्तर सहसा चुकीचं असतं. हा विषय निव्वळ प्लंबिंगचा आहे असंही मला वाटत नाही. त्यात इसराफ आहे, व्याज आहे, आणि घरातल्या तान्ह्या मुलांची आणि म्हाताऱ्यांची छाती आहे.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी थोडं समजावून सांगतो. कोकणात घर तापवायचा प्रश्न कुणाला पडत नाही. तिथे पावसाळ्यात भिंतीची ओल आणि कपाटातली बुरशी हा प्रश्न. ब्रिटनमध्ये ही ओल थंडीत येते, आणि तिच्यावर उपाय म्हणजे घर सतत बेताचं उबदार ठेवणं. त्यासाठी गॅसवर चालणारा बॉयलर पाणी तापवतो, पंप ते पाणी तांब्याच्या पाइपांतून खोल्याखोल्यांतल्या पोलादी रेडिएटरांत फिरवतो, आणि गार झालेलं पाणी परत बॉयलरकडे येतं. म्हणजे बॉयलर ही चूल झाली. खोलीत उष्णता सोडण्याचं काम रेडिएटरचं. चूल कितीही मोठी केली तरी पातेलं लहान असेल तर भात तेवढाच शिजणार.

आपली मंडळी ज्या घरांत राहतात ती घरंही लक्षात घेतली पाहिजेत. रत्नागिरी-रायगडातून आलेले कोकणी मुसलमान बर्मिंगहॅम, लंडन अशा शहरांत स्थिरावले, तेव्हा परवडण्यासारखी घरं होती ती व्हिक्टोरियन काळातली, एकाला एक चिकटलेली, नऊ इंची भरीव विटांच्या भिंतींची. ही घरं कोळशाच्या शेगडीसाठी बांधलेली होती. आधीच्या पिढीने त्यांत रॉकेलच्या हीटरवर हिवाळे काढले. उत्तर समुद्रातला गॅस १९६७ ते १९७७ या दहा वर्षांत घरोघरी पोचला आणि मग हळूहळू सेंट्रल हीटिंग आलं. शेगडीच्या जागी गॅसची शेगडी, तिच्या मागे दडवलेला बॅक बॉयलर, वरच्या खोलीतल्या कपाटात गरम पाण्याचं सिलिंडर, माळ्यावर छोटी टाकी, आणि खिडकीखाली एकेरी पत्र्याचे रेडिएटर. पुढे बॉयलर दोन-तीनदा बदलले. रेडिएटर मात्र अनेक घरांत तेच राहिले, वर रंगाचे पाच-सात थर चढवून.

त्या रेडिएटरांचं गणित वेगळं होतं. जुनी यंत्रणा बॉयलरमधून ८२ अंशांचं पाणी बाहेर सोडायची आणि ७१ अंशांचं परत घ्यायची. एवढं कढत पाणी मिळत असेल तर लहान रेडिएटरही खोली तापवतो. पण २००५ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये, मोजके अपवाद सोडून, कंडेन्सिंग बॉयलर सक्तीचा झाला. या बॉयलरची खुबी अशी की गॅस जळून जी वाफ धुराबरोबर निघून जाते तिलाही तो थंड करतो, तिचं पाणी करतो आणि त्यातली उष्णता परत मिळवतो. मात्र परत येणारं पाणी साधारण ५४-५५ अंशांच्या खाली असेल तरच हे घडतं. परतीचं पाणी ७० अंशांचं आलं तर कंडेन्सिंग बॉयलर नावालाच कंडेन्सिंग. खोक्यावर ‘अ’ दर्जाचं लेबल असतं, पण तेवढी बचत बिलात उतरत नाही.

मग पाण्याचं तापमान उतरवावं, ५५ वर आणावं. ते करता येतं, बॉयलरवर एक बटण फिरवायचं असतं. (२००५ च्या आधीचा, कंडेन्सिंग नसलेला बॉयलर असेल तर हे करू नये, त्याच्या आत पाणी धरून तो गंजतो.) पण तापमान उतरवलं की जुना रेडिएटर उघडा पडतो. एक उदाहरण घेऊ. ६० सेंटिमीटर उंच, एक मीटर रुंद, एकेरी पत्र्याचा आणि मागे एक पन्हाळीची जाळी असलेला रेडिएटर जुन्या तापमानाला साधारण ११०० वॅट उष्णता देतो. पाणी ५५ ने जाऊन ४५ ने परत आलं तर तोच ५०० वॅटच्या आसपास येतो. खोलीला थंडीच्या दिवशी ९०० वॅट लागत असतील तर ती थंडच राहणार. त्याच मापाचा दुहेरी पत्र्याचा, दोन जाळ्यांचा रेडिएटर, ज्याला इथे ‘टाइप २२’ म्हणतात, कमी तापमानालाही ९०० वॅटच्या जवळपास देतो. भिंतीवर जागा तेवढीच लागते, फक्त तो दोन-तीन इंच अधिक पुढे येतो. अशा एका रेडिएटरची किंमत शंभर पौंडांच्या आसपास, मजुरी वेगळी.

इंग्लंडच्या बांधकाम नियमांनीही हे मान्य केलंय. जून २०२२ पासून नवी किंवा पूर्ण बदललेली हीटिंग यंत्रणा जास्तीत जास्त ५५ अंशांच्या पाण्यावर घर तापवेल अशी आखायची असते. गोम ‘पूर्ण बदललेली’ या शब्दांत आहे. नुसता बॉयलर बदलला तर हा नियम लागत नाही. म्हणून नुसता बॉयलर बदलणंच बसवणाऱ्याला सोयीचं पडतं.

आमच्या नात्यातल्या एका खालाच्या घरी हेच झालं. तीन बेडरूमचं, दोन्ही बाजूंना शेजार असलेलं घर. अशा घराला कडक थंडीतही सात-आठ किलोवॅट उष्णता पुरावी. एका कंपनीने त्यांना ३५ किलोवॅटचा कॉम्बी बॉयलर विकला. एकाही खोलीत टेप लावला नाही. विचारलं तर उत्तर मिळालं, घर मोठं, माणसं जास्त, ‘पॉवर’ जास्त हवी. आता हा बॉयलर पेटतो, दोन-चार मिनिटांत पाणी कढत करतो, लहान रेडिएटर ती उष्णता घेऊ शकत नाहीत म्हणून विझतो, पुन्हा पेटतो. दिवसभर हाच खेळ. पुढची खोली थंडच, आणि खालाचं म्हणणं, “नवा घेतला तोही नासका निघाला.” बॉयलर नासका नव्हता. ३५ किलोवॅट हा आकडा आंघोळीच्या गरम पाण्यासाठी असतो, हीटिंगसाठी नाही, आणि हीटिंगची मर्यादा बॉयलरच्या सेटिंगमध्ये खाली आणता येते. एवढं काम बसवताना दहा मिनिटांत झालं असतं.

गाळाची गोष्ट याहून वाईट. रेडिएटर आतून गंजतात, त्या गंजाचा काळा चिखल होतो आणि तळाशी साचतो. रेडिएटर वरून गरम आणि खाली मध्यभागी गार लागला तर समजावं की आत चिखल आहे. (वर गार, खाली गरम असेल तर ती हवा, किल्लीने सोडून द्यावी.) सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या काही घरांत आठ-दहा मिलिमीटरचे बारीक पाइप घातलेले आहेत, त्यांत हा चिखल सहज अडकतो. नवा बॉयलर अशा यंत्रणेला जोडणं म्हणजे नव्या गाडीत जुनं जळकं ऑइल ओतणं. आतले उष्णता-विनिमयाचे मार्ग अरुंद असतात, ते तुंबतात. कंपनी वॉरंटी नाकारते, कारण पाणी स्वच्छ करण्याची आणि गंजरोधक द्रव घालण्याची अट पाळलेली नसते. परतीच्या पाइपावर चुंबकाचा फिल्टर बसवला तर पुढचा चिखल तिथे अडतो. तो वर्षातून एकदा उघडून धुवावा लागतो हे मात्र घरच्यांना क्वचितच सांगितलं जातं.

आणखी एक कारण आहे ज्यासाठी मी रेडिएटर आधी म्हणतो. माळ्यावरच्या टाकीची जुनी यंत्रणा जवळजवळ दाबाविना चालते. कॉम्बी बसवला की ती बंदिस्त होते आणि थंड असतानाच तिच्यात एक ते दीड बार दाब भरला जातो. पन्नास वर्षांच्या रेडिएटरच्या खालच्या शिवणीला तो दाब सोसेलच असं नाही. जोरकस पाण्याने गाळ धुतानाही हीच भीती असते, कारण कधीकधी त्या गंजानेच भोक बुजवलेलं असतं. नवा बॉयलर लागल्यावर आठवड्यात गालिचा भिजला की दोष बॉयलरवाल्याच्या माथी जातो, तो म्हणतो रेडिएटर तुमचेच जुने. दोघंही खरं बोलतात आणि खर्च घरवाल्याचा होतो.

कॉम्बीबद्दल आपल्या घरांपुरतं वेगळं बोलायला हवं. कॉम्बी पाणी साठवत नाही, नळ उघडला की तापवतो. दोघा-तिघांच्या घराला उत्तम. पण सात माणसांच्या घरात फजरच्या वेळी वरच्या न्हाणीत एक, खालच्या मोरीत एक वुजू करतोय आणि तिसरा शॉवरखाली आहे, असं असतं. हिवाळ्यात नळाचं पाणी पाच-सहा अंशांचं येतं. ३० किलोवॅटचा कॉम्बी ते ४० अंशांपर्यंत तापवतो तेव्हा मिनिटाला साधारण बारा लिटर देतो. तेवढ्यात तिघांची वाटणी. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे वुजूला लागणारं पाणी थोडं. बॉयलर पेटून गरम पाणी वरच्या नळापर्यंत पोचेपर्यंत अर्धा वुजू झालेला असतो किंवा तेवढं पाणी मोरीत वाहून गेलेलं असतं. दिवसातून पाच वेळा, माणशी. वाहत्या नदीच्या काठीही वुजूचं पाणी उधळू नये अशी शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो, आणि घरात मात्र अशी यंत्रणा बसवून घेतो जिच्यात उधळपट्टी आपोआप होते. काही कॉम्बींत थोडं पाणी गरम ठेवण्याची सोय असते, पण तिलाही गॅस लागतो.

म्हणून एकत्र कुटुंबाने सिलिंडर काढून टाकायची घाई करू नये. नीट वेष्टन असलेलं सिलिंडर आणि साधा, लहान बॉयलर ही जोडी अशा घरांना अधिक सोसते. सिलिंडरचं पाणी ६० अंशांपर्यंत तापवावं, नाहीतर त्यात लीजनेला जातीचे जंतू वाढू शकतात. आणि उद्या गॅस सोडून हीट पंप घ्यायचा झाला तर सिलिंडरची जागा लागतेच. कॉम्बी विकणारा “तुमचं एक कपाट मोकळं होईल” एवढंच सांगतो. आपल्या घरात मोकळं कपाट हे मोठं आमिष आहे, हेही खरं.

आता पैशाचं. बॉयलरला मजुरीसह दोन-तीन हजार पौंड सहज लागतात. एवढी रक्कम हाताशी नसते म्हणून विक्रेता हप्त्यांचा कागद पुढे करतो. पाच-दहा वर्षांचे हप्ते, त्यावर व्याज. ज्यांनी घरकर्जाच्या वेळी व्याजाच्या प्रश्नावर वर्षभर मौलवींना विचारून डोकं शिणवलं, तीच माणसं बॉयलरच्या कागदावर पाच मिनिटांत सही करतात. कारण बाहेर शून्य अंश असतात आणि घरात लेकरू असतं. मी इथे फतवा द्यायला बसलेलो नाही. एवढंच म्हणतो की या कोंडीतून निघायची वाट रेडिएटरमधूनच जाते. रेडिएटर बदलणं हे गॅसचं काम नाही. ते कुठलाही चांगला प्लंबर करू शकतो आणि एका वेळी एका खोलीचं करता येतं. एप्रिलमध्ये बैठकीची खोली, जूनमध्ये मुलांची, ऑगस्टमध्ये दादा-दादींची. रोख देऊन, कर्ज न काढता. प्रत्येक खोलीनंतर लॉकशील्ड व्हॉल्व्ह फिरवून पाण्याची वाटणी पुन्हा सारखी करून घ्यायची, नाहीतर बॉयलरजवळचा रेडिएटर सगळं पाणी ओढतो आणि टोकाची खोली उपाशी राहते. सगळे रेडिएटर झाले की बॉयलर कंडेन्सिंग असेल तर त्याचं तापमान उतरवायचं. अनेकदा असं दिसतं की ज्याला आपण निकामी समजत होतो तो बॉयलर अजून चार-पाच हिवाळे काढू शकतो.

मुलांच्या छातीचा उल्लेख मी सुरुवातीला केला, तो उगाच नाही. डिसेंबर २०२० मध्ये रॉचडेल गावी अवाब इशाक हा दोन वर्षांचा मुलगा गेला. सुदानी मुसलमान कुटुंबातला. घर सामाजिक गृहसंस्थेचं होतं, भिंतींवर काळी बुरशी होती, वडिलांनी वारंवार तक्रार केली होती. नोव्हेंबर २०२२ मध्ये मृत्यूची चौकशी करणाऱ्या कोरोनरने निष्कर्ष दिला की त्या बुरशीच्या दीर्घ संसर्गामुळेच त्याच्या श्वसनाचा आजार जिवावर बेतला. घरमालक संस्थेने कुटुंबाच्या राहणीबद्दल, आंघोळीच्या सवयींबद्दल गृहीतकं बांधली होती, आणि ती चूक होती हे तिने नंतर कबूल केलं. त्या मुलाच्या नावाचा ‘अवाब्ज लॉ’ २७ ऑक्टोबर २०२५ पासून इंग्लंडमधल्या सामाजिक घरांना लागू झाला. तातडीचा धोका असेल तर २४ तासांत हालचाल करावी लागते, ओल-बुरशीच्या गंभीर तक्रारीची तपासणी दहा कामाच्या दिवसांत करावी लागते.

त्या घरातली बुरशी केवळ हीटिंगने झाली असं मी म्हणत नाही. हवा खेळती नसणं हेही मोठं कारण होतं. पण थंड भिंत आणि दमट हवा एकत्र आली की बुरशी येते, हे नियमासारखं आहे. आपल्या घरांत दमटपणा भरपूर असतो. दहा माणसांचा भात, रेडिएटरवर वाळत घातलेले कपडे, सकाळच्या आंघोळी. त्यात संपूर्ण रेडिएटर झाकणारा जमिनीपर्यंतचा पडदा आणि त्याच्या पुढे भिंतीला टेकवलेला भला मोठा सोफा. उष्णता सोफ्याच्या पाठीला मिळते. नवे रेडिएटर घेण्याआधी सोफा हातभर पुढे ओढून पाहावा, यात फुकटात बराच फरक पडतो.

जे आपल्यातले घरमालक आहेत त्यांच्याबद्दल न बोलणं अप्रामाणिकपणाचं होईल. महाराष्ट्रातून शिकायला आलेल्या मुलांना आपल्याच लोकांनी दिलेल्या खोल्या मी पाहिल्या आहेत. एक रेडिएटर, तोही अर्धा गार, आणि हीटिंगचं घड्याळ मालकाच्या हातात. सामाजिक घरांचा तो कायदा खाजगी मालकांना अजून लागलेला नाही, पण गॅसच्या उपकरणांची दरवर्षी तपासणी आणि बॉयलरच्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म ही सक्ती त्यांच्यावर आहेच. मुलगा परका, उसना पैसा घेऊन आलेला, तो तक्रार करत नाही. भाडं मात्र महिन्याच्या पहिल्या तारखेला हवं असतं. अमानत हा शब्द आपण फक्त पैशाच्या संदर्भात वापरायचा असं काही ठरलेलं नाही.

‘आपला माणूस’ हाही असाच नाजूक मामला. ओळखीचा आहे, नमाजी आहे, स्वस्तात करतो, हे सगळं ठीक. पण गॅसच्या पाइपाला हात लावायचा तर त्याचं नाव गॅस सेफ रजिस्टरमध्ये असलंच पाहिजे. २००९ पासून कॉर्गीच्या जागी ही नोंदणी आहे. कार्डावर फोटो असतो, मागच्या बाजूला त्याला कोणकोणतं काम करायची परवानगी आहे ते लिहिलेलं असतं. कार्ड मागितलं म्हणून त्याचा अपमान होत नाही. चांगला कारागीर ते स्वतःहून दाखवतो. बॉयलर बसवल्यावर बांधकाम नियमांचं प्रमाणपत्र घरी यायला हवं. ते आलं नसेल तर घर विकताना वकील पहिल्यांदा तेच मागतो.

शेवटी एक अडचण उरते, आणि ती यंत्राची नाही, सवयीची आहे. आपल्याकडच्या मोठ्या माणसांना रेडिएटरला हात लावून पाहायची सवय. हात भाजला पाहिजे, म्हणजे हीटिंग चालू. ५० अंशांचा रेडिएटर हाताला कोमट लागतो, मग दादा उठून बटण ८० वर नेऊन ठेवतात. त्यांना थर्मामीटर दाखवावा. खोली १९-२० अंशांवर दिवसभर टिकलेली असते, फक्त ती हळूहळू तापलेली असते. सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास असं कढत पाणी सोडण्याची जुनी रीत या पद्धतीला जुळत नाही. इथे हीटिंग जास्त वेळ, मंद चालवावं लागतं. फजरला खोली उबदार हवी असेल तर घड्याळ तास-दीड तास आधी लावावं, आणि नमाजाच्या वेळा सरकतील तसं ते सरकवत जावं.

हीट पंपाचं आमिष सध्या मोठं आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये त्यासाठी ७५०० पौंडांचं सरकारी अनुदान मिळतं. ज्यांना परवडेल त्यांनी जरूर विचार करावा. पण तो पंपही कमी तापमानाच्या पाण्यावरच नीट चालतो, तेव्हा त्याच्याआधीही भिंतीवरचे ते जुने, रंगाचे थर चढलेले रेडिएटर बदलावेच लागतात. खालाच्या घरी या उन्हाळ्यात पुढच्या खोलीचं काम करायचं ठरलंय. बॉयलर आहे तोच, फक्त त्याची हीटिंगची मर्यादा खाली आणलीय, आणि सोफा आता समोरच्या भिंतीला आहे.